दोन वनवास

मुंबई बेट ब्राझीलच्या आसपास कुठेतरी आहे, अशी समजूत असलेल्या माणसाने मुंबई इंग्रजांच्या पदरात पाडली. ही थाप नव्हे. त्या गृहस्थाने आपल्या आत्मचरित्रातच मुंबईचा तसा उल्लेख करून ठेवला आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो. ही हकीकत सांगितली की शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलेसुद्धा जागी होतात आणि पोटभर हसतात. हसू ओसरल्यावर एखादा हमखास विचारतो, "सर, मग असला माणूस इंग्लंडचा मुख्य कारभारी झाला तरी कसा?"

प्रश्न मार्मिक आहे, पण तासाची घंटा त्याचे उत्तर पुरे होऊ देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घंटेचे भय नाही. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट जवळ ओढून घ्यावे आणि एडवर्ड हाइड, अर्ल ऑफ क्लॅरेंडन, या सरदाराची कथा सावकाश ऐकावी. कादंबऱ्या लिहिण्याचा माझा नाद जुना आहे. परंतु या माणसाच्या आयुष्यात दैवाने जेवढी वळणे घातली, तेवढी मी एखाद्या नायकाच्या वाट्याला घातली असती तर संपादकांनी 'अतिरंजित' म्हणून हस्तलिखित परत पाठवले असते.

हाइडचा जन्म १६०९ साली विल्टशर परगण्यातील डिंटन या खेड्यात झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी, पण दरबारी नव्हे. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असा बेत होता. थोरले दोघे भाऊ वारले आणि बेत बदलला. चुलता निकोलस हाइड पुढे इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला. त्याच्या वळणाने एडवर्डही ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून लंडनला कायदा शिकू लागला. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच बायको देवीच्या साथीत गेली. दोन वर्षांनी त्याने दुसरे लग्न केले. फ्रान्सिस आयल्सबरी ही त्याची दुसरी पत्नी. तिने त्याच्याबरोबर पुढची तेहतीस वर्षे काढली, आणि त्यांतली बरीच हालात काढली.

त्याच्या वडिलांची एक आठवण बर्नेट नावाच्या समकालीन पाद्र्याने लिहून ठेवली आहे. बापलेक शेतातून फिरत होते. बाप म्हणाला, वकील मंडळी राजाचा अधिकार वाढवण्यासाठी कायदा नाही नाही तसा ताणतात आणि त्यात प्रजेचे स्वातंत्र्य जाते; तू मोठा झालास तर राजाच्या मर्जीसाठी असे कधी करू नकोस. हे बोलून होते न होते तोच म्हाताऱ्याला झटका आला आणि तो तिथेच कोसळला. बापाचे हे शेवटचे शब्द मुलाच्या कानांत जन्मभर घुमत राहिले असतील असे मला वाटते. त्याच्या पुढच्या वागण्यातली पुष्कळशी कोडी या एका आठवणीने सुटतात.

त्या वेळी गादीवर पहिला चार्ल्स होता. १६२९ पासून अकरा वर्षे त्याने पार्लमेंट बोलावलेच नाही. पैसा तर हवाच. मग जुने दप्तर उकरून त्याने 'जहाजपट्टी' काढली. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरच्या गावांनी गलबतांसाठी द्यायची ही पट्टी. ती शांततेच्या काळात, समुद्र ज्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही अशा गावांकडूनही वसूल होऊ लागली, आणि न्यायाधीशांनी तिला कायदेशीर ठरवले. १६४० साली नाइलाजाने पार्लमेंट भरले, तेव्हा हाइड सभासद होता. जहाजपट्टीला मान डोलावणाऱ्या न्यायाधीशांवर तुटून पडणाऱ्यांत तो पुढे होता. एवढेच पाहणाऱ्याला वाटावे की हा राजाचा हाडवैरी.

पण वर्षभरातच चित्र पालटले. पार्लमेंटातील पुढाऱ्यांना आता राजाच्या जुलमाला आळा घालून भागेना. त्यांना सैन्य, धर्म, मंत्र्यांची नेमणूक, सारेच आपल्या हाती हवे होते. नोव्हेंबर १६४१ मध्ये राजाच्या अपराधांचा लांबलचक पाढा सभागृहापुढे आला आणि १५९ विरुद्ध १४८, अवघ्या अकरा मतांनी, मंजूर झाला. त्या १४८ जणांच्या बाजूला हाइड होता. त्याचे म्हणणे साधे होते: राजाने कायदा मोडला तेव्हा मी राजाच्या विरुद्ध उभा राहिलो, आता तुम्ही मोडता आहात. मधल्या वाटेने चालणाऱ्याला दोन्ही बाजूंचे धोंडे खावे लागतात. पार्लमेंटवाले त्याला फितूर म्हणू लागले, आणि राजाला तर सल्लागाराचा सल्ला ऐकण्याची सवयच नव्हती. जानेवारी १६४२ मध्ये राजा हत्यारबंद माणसे घेऊन पाच सभासदांना पकडायला थेट सभागृहात शिरला. हाइड आणि त्याचे मित्र त्याची बाजू सावरण्यासाठी जिवाचे रान करीत होते. त्यांना त्याने या बेताची चाहूलही लागू दिली नाही. सावज आधीच निसटले होते. राजा हात हलवीत परतला आणि त्याच्या बाजूच्या शहाण्यांनी माना खाली घातल्या.

यादवी पेटली. हाइडचा जिवलग मित्र होता लॉर्ड फॉकलंड. त्याच्या ग्रेट ट्यू येथील वाड्यात विद्वान मंडळी जमत. धर्मावर, काव्यावर, राज्यकारभारावर रात्र रात्र चर्चा चालत आणि कोणी कोणाशी भांडत नसे. असल्या माणसाला भाऊबंदकीचे युद्ध सोसवेना. २० सप्टेंबर १६४३ रोजी न्यूबरीच्या लढाईत कुंपणाच्या एका खिंडारातून गोळ्यांचा वर्षाव चालू असताना फॉकलंडने त्या खिंडारातच घोडा घातला. पाहणाऱ्यांनी ओळखले की हा मरणच शोधीत होता. वय अवघे तेहतीस. हाइडने पुढे जे पाने भरभरून लिहिले, त्यांत या मित्रावरची पाने वाचताना लिहिणाऱ्याचे डोळे कोरडे नव्हते हे उमगते.

१६४५ च्या मार्चमध्ये राजाने आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला, पुढे जो दुसरा चार्ल्स झाला त्याला, हाइड आणि इतर मंडळींच्या हवाली करून पश्चिमेकडे पाठवले. धन्याची आणि हाइडची ती शेवटची भेट. सैन्य हरत गेले, युवराज मागे हटत गेला, आणि १६४६ च्या मार्चमध्ये हा काफिला इंग्लंडच्या टोकापलीकडच्या सिली बेटांवर येऊन पडला. अन्न अपुरे, घरे गळकी, पुढे काय ते देवाला ठाऊक. अशा जागी माणूस कपाळाला हात लावून बसेल. हाइडने दौत-लेखणी घेतली आणि जे घडले त्याचा इतिहास लिहायला बसला. युवराज आईकडे फ्रान्सला गेला. परक्या राजाच्या ओसरीवर आपला वारस नेऊन ठेवू नये, असे हाइडचे मत. ते कोणी मानले नाही. तो जर्सी बेटावर मागे राहिला आणि दोन वर्षे लिहीत राहिला.

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये राजाचा शिरच्छेद झाला. हाइडच्या पहिल्या वनवासाचे खरे हाल इथून पुढचे. मदत मिळवायला तो माद्रिदला वकील म्हणून गेला, हात हलवीत परत आला. १६५१ च्या अखेरीस पॅरिसला तरुण राजाला येऊन मिळाला. राजा नावाचाच, ना राज्य, ना खजिना. ऐन हिवाळ्यात अंगावर धड कपडा नाही आणि शेकोटीला लाकूड नाही, असे हाइडने त्या काळच्या एका पत्रात लिहिले आहे. पायाला संधिवाताचा ठणका, बायकामुले दुसऱ्या गावी, बाजारात उधारी. तरी रोज पहाटे उठून पत्रे लिहायची, सांकेतिक लिपीतले निरोप उलगडायचे आणि ऐषारामी राजाला कामाला बसवायचे, हा क्रम त्याने मोडला नाही. राजाची आई त्याचा द्वेष करी. इतर दरबारी परक्या फौजा आणून राज्य मिळवण्याच्या गोष्टी करीत. हाइडचे एकच पालुपद: वाट पाहा, इंग्लंडचे लोकच तुम्हाला बोलावतील, परक्यांच्या तलवारीने मिळवलेली गादी टिकणार नाही.

१६५८ साली राजाने त्याला लॉर्ड चॅन्सेलर नेमले, म्हणजे राज्याच्या मोठ्या शिक्क्याचा धनी आणि मुख्य कारभारी. राज्यच नव्हते, तेव्हा ही नेमणूक म्हणजे हवेतला किल्ला. पण त्याच वर्षी क्रॉमवेल मरण पावला आणि दीड वर्षात त्याची सारी इमारत ढासळली. एप्रिल १६६० मध्ये हॉलंडमधील ब्रेडा गावाहून राजाचा जाहीरनामा निघाला. त्यात हाइडचा हात उघड दिसतो. क्षमा कोणाला, धर्माचे काय, जप्त जमिनी कोणाच्या, शिपायांचा थकलेला पगार कसा द्यायचा, या सगळ्यांचा निवाडा पार्लमेंट करील, असे त्यात होते. २९ मे १६६० रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, दुसरा चार्ल्स लंडनमध्ये शिरला. रस्त्यांवर फुले, घंटांचा गजर. वनवास संपवून रामराजा अयोध्येत आला असेच लोकांना वाटले. एक थेंब रक्त सांडले नाही. चौदा वर्षे परमुलखात धरलेला धीर फळाला आला.

येथे कादंबरी संपायला हरकत नव्हती. दैवाने मात्र दुसरा भाग लिहायला घेतला.

पहिला धक्का घरातच बसला. हाइडची मुलगी ॲन हिने राजाचा धाकटा भाऊ जेम्स याच्याशी सप्टेंबर १६६० मध्ये बापाच्याच घरी चोरून लग्न लावले. तिला दिवस गेले होते. मुलीचा बाप म्हणून कोणी आनंदला असता. हाइड भडकला. हिला किल्ल्यात कोंडा, हिचे डोके उडवा, असे आपण राजापुढे बोललो हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ते खरे किती आणि लोकांच्या कुजबुजीला भिऊन किती, हे ज्याचे त्याला माहीत. राजाने लग्न मान्य केले. या ॲनच्या दोन मुली, मेरी आणि ॲन, पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या. डिंटनच्या खेडवळ जमीनदाराच्या पणती सिंहासनावर बसल्या!

१६६१ साली हाइड अर्ल ऑफ क्लॅरेंडन झाला. जुने वैर उकरायचे नाही हे त्याचे धोरण. राजवधात हात असलेली मोजकी माणसे सोडून बाकी सर्वांना अभय मिळाले. राजासाठी घरदार गमावलेले सरदार चिडून म्हणत, राजाच्या शत्रूंना क्षमा आणि मित्रांचा विसर! पण धर्माच्या बाबतीत नव्या पार्लमेंटने क्षमा दाखवली नाही. १६६१ ते १६६५ या काळात चार कडक कायदे झाले. सरकारी पंथाबाहेरच्यांना नगरसभांत जागा नाही, प्रार्थनेला जमायला बंदी. काढलेल्या पाद्र्याने आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत फिरकायचे नाही. सुमारे २,००० पाद्र्यांची वतने गेली. या कायद्यांना इतिहासात 'क्लॅरेंडनची संहिता' म्हणतात. त्याला स्वतःला इतका कडकपणा नको होता, असे अभ्यासक सांगतात. पण त्याने ते कायदे राबवले, आणि नाव त्याचेच चिकटले. स्वतः देशोधडीला लागून चौदा वर्षे काढलेल्या माणसाच्या राज्यात दोन हजार घरे उघड्यावर यावीत, हे मला खुपल्यावाचून राहत नाही.

आता मुंबईकडे वळू. राजाचे लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरिनशी, ठरले. जून १६६१ च्या तहात हुंड्यापोटी रोकड, आफ्रिकेतले टँजिर आणि मुंबई बेट मिळाले. क्लॅरेंडनचा डोळा पैशावर आणि टँजिरवर. मुंबई म्हणजे वरदक्षिणेवरचे नारळ-पान. ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन १६६२ साली आला, तर गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय बेट देईना. तहाच्या शब्दांवरून घोळ घालीत त्याने दिवस काढले. शिपमनची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली आणि तापाने, उपासाने माणसे मरू लागली. १६६४ साली शिपमनही तिथेच मेला. १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक याने उरल्यासुरल्या शिपायांनिशी मुंबईचा ताबा घेतला. लंडनमधील एका नकाशा न पाहिलेल्या ओळीची किंमत अंजदीवच्या मातीत पुरलेल्या त्या शिपायांनी मोजली. पुढे १६६८ साली राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

राणी आली, पण राजाचे मन रखेलीत. लेडी कॅसलमेन हिला राणीच्याच महालात मानकरीण नेमायचा हट्ट त्याने धरला. क्लॅरेंडनने प्रथम विरोध केला. राजाने डोळे वटारले, तेव्हा राणीची समजूत घालायचे काम त्याने स्वतःच पत्करले. म्हातारा वाकला तो इथे. मात्र त्या बाईच्या देणग्यांवर राज्याचा शिक्का उठवायला तो कधी राजी झाला नाही आणि तिच्या दालनात त्याने पाऊल ठेवले नाही. राजाला तो वेळी-अवेळी उपदेश करी. वेळ पाळत नाही, कागद वाचत नाही, म्हणून बोल लावी. लहानपणापासून ज्याला हाताशी धरले, तो आता राजा आहे, याचा त्याला विसर पडे. तरुण दरबारी राजापुढे त्याच्या चालण्याची नक्कल करीत आणि राजा हसे.

त्यात संकटांची रांग लागली. डच युद्ध क्लॅरेंडनला नको होते, ते झालेच. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग आला. नोंद झालेले मृत्यूच ६८,००० च्या वर. १६६६ च्या सप्टेंबरात आग लागली. तेरा हजारांवर घरे जळाली. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसले, इंग्रज गलबते जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे मुख्य जहाज ओढून घेऊन गेले. सात वर्षांपूर्वी याच जहाजातून राजा मायदेशी आला होता! लोक खवळले. युद्ध न मागणाऱ्या क्लॅरेंडनच्या घरावर जमाव गेला. त्याच सुमारास पिकॅडिलीत त्याने प्रचंड वाडा बांधला होता. डंकर्क बंदर फ्रान्सला विकले त्याच्या लाचेतून तो उभा राहिला, असे लोक म्हणत आणि त्याला 'डंकर्क हाउस' म्हणत. जमावाने दारापुढची झाडे तोडली, खिडक्या फोडल्या आणि फाटकावर फाशीचा खांब रंगवला. लाच खाल्ल्याचा पुरावा कधी पुढे आला नाही. पण बेघर शहरात महाल बांधणे हा शहाणपणा नव्हता.

ऑगस्ट १६६७ मध्ये त्याची पत्नी वारली. सुतक फिटते न फिटते तोच राजाने शिक्का परत मागवला. महिनाअखेरीस क्लॅरेंडन पदच्युत झाला. राजाला भेटून तो परत निघाला, तेव्हा लेडी कॅसलमेन अंथरुणातून उठून सज्जात आली आणि त्याची पाठ फिरलेली पाहून खुशीत हसली, असे पेप्सच्या रोजनिशीत आहे. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण केवळ मराठीच्या मालकीची नाही.

पार्लमेंटने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला उभारला. बहुतेक आरोप पोकळ होते. एक मात्र खरा होता: सरकारला नकोशी माणसे दूरच्या बेटांवर व किल्ल्यांत, न्यायालयाचा हुकूम जिथे पोचणार नाही अशा जागी, चौकशीवाचून डांबली होती. शेतात कोसळलेल्या बापाने ज्या गोष्टीबद्दल बजावले होते, तीच गोष्ट मुलाच्या कारकिर्दीत घडली. या वाटेवर पुढे १६७९ च्या हेबिअस कॉर्पस कायद्याने कुंपण घातले. क्लॅरेंडनचे कौतुक करणाऱ्याने ही बाब झाकू नये. मलाही झाकावीशी वाटत नाही.

राजाने सुचवले की निघून जाणे बरे. २९ नोव्हेंबर १६६७ च्या रात्री अठ्ठावन्न वर्षांचा, संधिवाताने जखडलेला म्हातारा नावेत बसला. मागे हद्दपारीचा कायदा झाला. पहिल्या वनवासात राजा बरोबर होता आणि परतण्याची आशा होती. या वनवासात दोन्ही नव्हती. एव्ह्रो गावी फ्रेंचांच्या नोकरीतल्या इंग्रज खलाशांनी घरात घुसून त्याला मारहाण केली. थकलेला पगार याच्यामुळे बुडाला असा त्यांचा समज. जीव थोडक्यात वाचला. माँपेलिए, मूलँ, रूआँ असे फिरत त्याने सात वर्षे काढली. निदान मरायला तरी मायदेशी येऊ द्या, अशी पत्रे राजाला लिहिली. उत्तर आले नाही.

त्याने पुन्हा लेखणी उचलली. सिली बेटांवर सुरू केलेला तो इतिहास आणि नवे आत्मचरित्र एकत्र गुंफून त्याने ग्रंथ पुरा केला. त्यात त्याने क्रॉमवेलला दुष्ट म्हटले, पण त्याचे शौर्य व बुद्धी मोकळ्या मनाने मानली. आपल्या धन्याच्या चुका झाकल्या नाहीत. ज्याचे सर्वस्व शत्रूने हिरावले त्याच्या हातून हे झाले, याचे मोल इतिहास शिकवणाऱ्याला तरी मोठे वाटते.

९ डिसेंबर १६७४ रोजी रूआँ येथे तो वारला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि नजराणा घेऊन हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील दरबारात वाकला. तो आला होता मुंबईहून. ज्या बेटाचा ठावठिकाणा क्लॅरेंडनला धड माहीत नव्हता, त्या बेटावरून इंग्रज सह्याद्रीत वाट काढीत आले होते.

जिवंतपणी ज्याला परतू दिले नाही, त्याच्या देहाला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. पिकॅडिलीचा वाडा मुलांनी विकला आणि थोड्याच वर्षांत तो जमीनदोस्त झाला. ग्रंथ मात्र १७०२ ते १७०४ या काळात ऑक्सफर्डला छापला गेला, तेव्हा गादीवर त्याची नात ॲन होती. त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशाने विद्यापीठाच्या छापखान्याला नवी इमारत मिळाली. तिला क्लॅरेंडनचे नाव दिले. आपल्या गावच्या वाचनालयात ऑक्सफर्डचे एखादे जुने जाडजूड पुस्तक असेल, तर त्याचे पहिले पान उघडून पाहावे. खाली बारीक अक्षरांत 'क्लॅरेंडन प्रेस' अशी ओळ पुष्कळदा सापडते. राजाने परत मागवलेला शिक्का कोणी विचारीत नाही. हा दुसरा शिक्का मात्र पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे जाऊन पोचला, आणि मुंबईत तर कधीच.